पाठीमागचा कागद

"हे चालणार नाही," आदिनाथ सर म्हणाले, तेव्हा अकराला दहा कमी होते. मंजुषाला आधी वाटलं ते चहाबद्दल बोलतायत, कारण चहा खरोखरच चालण्यासारखा नव्हता. पण सरांचं बोट कपावर नव्हतं, संघप्रियाच्या प्रमाणपत्रावर होतं. राज्य स्पर्धेतल्या तिसऱ्या क्रमांकाचं प्रमाणपत्र. गुळगुळीत, चकचकीत आणि चारी बाजूंनी प्लॅस्टिकमध्ये बंद. कुणीतरी त्याचं लॅमिनेशन करून आणलं होतं.

मंजुषानं कप बाजूला सारला.

पुण्याच्या एका कॉलेजला मुलींच्या सॉफ्टबॉल संघासाठी मराठवाड्यातून एक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, हवी होती. एकच. फी माफ, वसतिगृह, दोन्ही वेळचं जेवण, बुटांपासून बॅटपर्यंत सगळं कॉलेजचं. आदिनाथ सर तिथले प्रशिक्षक. परभणीच्या स्टेडियमवर त्यांनी सकाळी सहापासून अकरा मुली पाहिल्या आणि नऊ वाजेपर्यंत त्यांच्या वहीत एकाच नावाखाली रेघ पडली होती. झरीच्या संघप्रिया वाव्हळेनं खांद्यातून हात पुरता गोल फिरवून कमरेखालून वीस चेंडू सोडले, आणि त्यातले सतरा कॅचरनं हातमोजा जिथं धरला तिथंच जाऊन बसले. "घेतली," सर म्हणाले होते. "मूळ कागद बाराच्या आत द्या. सव्वाबाराला आमची गाडी नांदेडला निघते." इतकं सगळं बैजवार झालं, आणि इथं येऊन घोडं पेंड खायला बसलं.

"सर, कागद मूळच आहे," मंजुषा म्हणाली.

"असेल. पण मागच्या बाजूला आमचा पडताळणीचा शिक्का लागतो, तो प्लॅस्टिकवर बसत नाही. आणि सही पेनाची आहे की रंगीत झेरॉक्सची, हे प्लॅस्टिकच्या आत मला कळत नाही. गेल्या वर्षी तीन मुलींनी असेच चकचकीत कागद आणले. तिन्ही खोटे निघाले. माझी नोकरी जायची राहिली."

"पण हिचे वीस चेंडू तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत!"

"मला चेंडू पटले, मॅडम. विद्यापीठाला कागद पटावा लागतो." त्यांनी प्रमाणपत्र परत तिच्याकडे सरकवलं. "बारापर्यंत थांबतो. मग दोन नंबरच्या मुलीला बोलावतो."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मंजुषाला संताप आला, पण तो गिळावा लागला, कारण सरांच्या खुर्चीत ती असती तर तीही असंच वागली असती. दोन नंबरच्या मुलीचे वडील व्हरांड्यात मांडीवर फाईल घेऊन बसले होते. बिचारे कुणाचं वाईट चिंतत नव्हते, पण घड्याळाकडे मात्र सारखं बघत होते.

मंजुषाचं हे कामच होतं, म्हणून तिला जास्त लागलं. एकेकाळी ती विद्यापीठाच्या संघाची पिचर. विसाव्या वर्षी तिला खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरीला बोलावणारं पत्र चारठाण्याच्या घरी आलं होतं. त्याला उत्तर द्यायचं असतं, सोबत कोणते कागद जोडायचे असतात, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पत्र पिठाच्या डब्यामागे पडून राहिलं आणि तारीख निघून गेली. आता ती शाळेत क्रीडाशिक्षिका होती आणि सुट्टीच्या दिवशी एसटीनं गावोगाव फिरून खेळणाऱ्या मुलींच्या आईबापांना वाट दाखवायची. कोणत्या स्पर्धेला किंमत आहे, कोणत्या कॉलेजला काय विचारायचं, वसतिगृह आधी पाहून यायचं, आणि कोणत्या कागदाची किती निगा राखायची.

तिची एक रीत होती. पहिल्या भेटीत ती मुलीच्या हातात चेंडू द्यायची आणि बापाच्या हातात हातमोजा. लेकीचा चेंडू झेलायला जो बाप लाजतो, तो पुढं तिला परगावी पाठवतानाही लाजतो, हा तिचा अनुभव. संघप्रियाचा बाप सिद्धोधन धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचा. तो लाजला नाही. गुडघ्यात वाकला, पाय फाकवले आणि जमिनीलगत आलेला पहिलाच चेंडू सरपटत बाजूला जाऊन असा उचलला की मंजुषा बघतच राहिली.

"खेळलात का हो कधी, भाऊ?"

"न्हाई, ताई. पोती झेलायची सवय हाय, एवढंच."

कॉलेजच्या फॉर्मात तोच प्रश्न होता, 'घरात यापूर्वी कोणी खेळाडू?' तिथं मंजुषानं काल स्वतःच्या अक्षरात 'नाही' लिहिलं होतं.

आता ती कागद घेऊन बाहेर आली, तेव्हा वाव्हळे कुटुंब कडुलिंबाखाली उभं होतं. सिद्धोधन, त्याची बायको सुकेशनी, आणि मधे खेळाच्या कपड्यातली संघप्रिया, अजून हात फिरवून खांदा मोकळा करत असलेली. मंजुषानं काय झालं ते सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज चढला.

"कामून केलंत हे, भाऊ? कुणी सांगितलं तुमाला?"

ती रागावली की तिची शाळेतली भाषा गळून पडायची.

सिद्धोधन खाली बघत म्हणाला, "तुमीच म्हणला होतात, ताई. वारासुद्धा लागू देऊ नका."

मंजुषाला आठवलं. म्हणाली होती. झरीच्या त्यांच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून, चहा पिता पिता, अगदी याच शब्दांत म्हणाली होती. जिल्ह्यातल्या पन्नास घरांत तिनं हे वाक्य टाकलं असेल, आणि एकोणपन्नासांनी ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं असेल. या एकानं खरं केलं. वारा लागू नये म्हणून त्यानं कागद हवाबंद केला. चूक कुणाची, हे आता कोणत्या तोंडानं विचारायचं?

तिनं फोन लावला. प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या सचिवांचा फोन बंद. दुसऱ्या एकाकडून कळलं, ते पालमला लग्नात आहेत, आणि दुसरी प्रत हवी असेल तर अर्ज करून पंधरा दिवस थांबावं लागेल. पंधरा दिवस! इथं पंधरा मिनिटांची भ्रांत होती.

स्टेडियमसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे ती प्लॅस्टिक निघतं का विचारायला गेली. त्यानं कागद उलटसुलट केला आणि आवाज खाली आणला. "निघत न्हाई, ताई. निघालं तरी शाई संगं घेऊन निघंल. पण तुमी फिकर करू नका. अर्ध्या तासात असाच नवा काढून देतो. सही बी पेनानं करून देतो. कुणाच्या बापाला कळणार न्हाई."

मंजुषा क्षणभर कागदाकडे बघत राहिली. खोटं कशाला बोला, त्या क्षणात तिनं हिशेब केला. मुलगी खरी, स्पर्धा खरी, तिसरा क्रमांक खरा. फक्त कागद खोटा. कुणाचं काय बिघडणार होतं? मग तिला त्या तीन मुली आठवल्या, ज्यांच्यामुळे आज संघप्रिया उन्हात उभी होती. तिनं झेरॉक्सवाल्याच्या हातातून कागद जवळजवळ हिसकावून घेतला.

"इस्त्रीनं सुटतं म्हणतात," संघप्रिया म्हणाली. "मोबाईलमधी बघितलं मी. गरम केलं की चिकटा ढिला होतो."

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. कोपऱ्यावर दत्तरावांची इस्त्रीची टपरी होती. दत्तराव म्हणजे साठीचा, बोलण्यापेक्षा खाकरण्यात जास्त वेळ घालवणारा माणूस. कोळशाची इस्त्री फुंकून त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "कापडाची गॅरंटी देतो. कागदाची देत न्हाई."

"करा," मंजुषा म्हणाली. दुसरा इलाज कुठं होता?

दत्तरावानं टेबलावर कागद ठेवला, सही आणि नाव वर आलेलं. त्यावर ओलसर फडकं अंथरलं आणि इस्त्री उचलली.

"मागनं लावा," सिद्धोधन एकदम म्हणाला.

"काय?"

"पुढनं नको. पालथा करा कागद. मागनं लावा."

मंजुषाला ते शहाणपणाचं वाटलं. आधी मागून बघावं, काही झालंच तर कोऱ्या बाजूला होईल. कागद पालथा झाला. मागची बाजू पिवळट होती, कडेला पाण्याचे जुने डाग. भिंतीची ओल लागली असेल, असं तिला वाटलं आणि तिनं ते तिथंच सोडून दिलं. घाईत माणूस बघतो खूप, त्याला दिसत काही नाही.

इस्त्री फडक्यावर बसली. वाफ आली. सुकेशनीनं पदराचं टोक दातात धरलं होतं. संघप्रियाची बोटं नसलेल्या चेंडूची शिवण शोधत असल्यासारखी हलत होती. दत्तरावानं इस्त्री उचलून फडकं बाजूला केलं, आणि करपल्याचा वास आधी आला. प्लॅस्टिकला फोड आले होते, आणि त्याच्याखाली कागदावर इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा तपकिरी डाग उठला होता.

"मेलो," दत्तराव म्हणाला. मग खाकरून, "पुढनं हलक्या हातानं घेतो. पुढनं सुटंल." त्यानं कागद उलटवला. संघप्रियाचं नाव वर आलं. फडकं पडलं. इस्त्री परत उचलली.

"थांबा!"

सिद्धोधननं दत्तरावाचं मनगट धरलं होतं. पोती उचलणारा हात तो, इस्त्री हवेतच थांबली.

"थांबा. आत दोन कागद हायत."

"दोन?" मंजुषाला कळेना.

"हिचा पुढं हाय. मागं माझा हाय."

रस्त्यावरून एक ॲटो भोंगा वाजवत गेला, तो जाईपर्यंत सिद्धोधन थांबला, जणू त्या ॲटोनंसुद्धा ऐकू नये.

"कबड्डीचा," तो म्हणाला. "जिल्ह्याच्या संघात होतो मी. नव्व्याण्णव साली. पोलीस भरतीत खेळाडूच्या जागंवर माझं नाव लागलं होतं. पावसाळ्यात पत्रा गळला, पेटीत पाणी गेलं, कागद भिजला. साहेब म्हणला, शिक्का वाचता येत न्हाई. चार दिवस त्याच्या दारात बसलो. न्हाई म्हणला ते न्हाईच."

"तुमी तर पळण्यात नापास झालो म्हणला होतात," सुकेशनी म्हणाली. वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच ऐकत होती ती. "मला बी सांगितलं न्हाई?"

"काय सांगू? नापास झालो म्हणलं की लोक इसरतात. पास होऊन राहिलो म्हणलं की जल्मभर हळहळतात." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "तो कागद फेकवंना, आन कुणाला दाखववंना. हिचा मशिनीत घालताना म्हणलं, हिच्या पाठीमागं ऱ्हाऊ दे. तोंड आत करून लावला. कुणाला दिसायचं कामच न्हाई."

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. या माणसानं तर लेकीच्या वाटचं ताक हवाबंद करून ठेवलं होतं. मंजुषाला त्याची इतकी दया आली आणि स्वतःची इतकी लाज वाटली की तिला दोन्ही धड वेगळी करता येईनात. सकाळपासून ती या माणसाला अडाणी समजत होती. आणि मघाशी 'मागनं लावा' म्हणताना त्यानं कोणता कागद इस्त्रीखाली दिला, हे आत्ता तिच्या ध्यानात आलं.

मग दुसरी एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती ओरडलीच.

"भाऊ, दोन्ही कागद एकमेकांना चिकटलेत का?"

"न्हाई. मशिनवाला म्हणला, चिकटा निसता प्लॅस्टिकला असतो, तो कागदांच्या बाहीरच्या बाजूनंच धरतो. आतून मोकळे हायत."

"म्हणजे हिच्या कागदाची पाठ कोरी आहे! कडा कापा. ब्लेड आहे का, दत्तराव?"

ब्लेड होतं. मंजुषानं ते घेतलं, पण फट कुठून धरायची ते तिला कळेना. सुकेशनीनं तिच्या बोटांतून ब्लेड काढून घेतलं. बोंडातून पाल्याचा कणही न लागू देता कापूस वेचणारी ती बोटं. तिनं कागद गुडघ्यावर घेतला, नख लावून दोन कागदांमधली फट शोधली आणि कडेनं ब्लेड सरकवत नेलं. एक बाजू. दुसरी. तिसऱ्या बाजूला ब्लेड अडलं, तशी ती थांबली, श्वास सोडला, आणि पुन्हा सुरू झाली. घड्याळात अकरा बावन्न.

चौथी बाजू सुटली आणि दोन कागद वेगळे झाले. संघप्रियाचा वरचा, पुढून प्लॅस्टिक, मागून कोरा करकरीत. भाजला होता तो खालचा.

मंजुषा संघप्रियाचा कागद घेऊन पळाली. छत्तिसाव्या वर्षी, साडी नेसून, भर उन्हात, स्टेडियमचं फाटक ओलांडून पळाली. वाव्हळे मंडळी मागून. आदिनाथ सरांनी फाईल मिटली होती आणि दोन नंबरच्या मुलीचे वडील टेबलासमोर उभे होते.

"पाच मिनिटं आहेत, सर," ती धापा टाकत म्हणाली. "मागची बाजू मोकळी आहे. शिक्का मारा. आणि सही पेनाची आहे का ते बघायचंय ना? पाठीवरून बोट फिरवा."

सरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. त्यांनी तो पालथा केला आणि सहीच्या जागी, मागून, हळूच अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा. सचिवांनी पेन दाबून सही केली होती, तिचे उंचवटे कागदाच्या पाठीवर उठले होते. झेरॉक्सला असे उंचवटे येत नाहीत. सरांनी कागद खिडकीशी धरला, नियमांचं पान काढलं, ओठ हलवत वाचलं.

"मागची बाजू मोकळी हवी आणि सही मूळ हवी," ते म्हणाले. "एवढंच लिहिलंय." मग दोन नंबरच्या मुलीच्या वडिलांकडे वळून ते नरमाईनं म्हणाले, "माफ करा, दादा." ते गृहस्थ मान हलवून निघाले, आणि मंजुषाला त्यांच्या पाठीकडे बघवेना.

शिक्का बसला. ठप्प.

संघप्रियानं बाकीचं ऐकलंच नाही. तिच्या हातात बापाचा कागद होता. टपरीपासून तो तिनं छातीशी धरून आणला होता. सरांनी सहीसाठी फॉर्म पुढं केला, तसा तिनं तो पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. एका ओळीपाशी थांबली. पेन उचललं आणि मंजुषाच्या अक्षरातलं 'नाही' खोडलं. वर लिहिलं, 'वडील. कबड्डी. जिल्हा संघ.'

"खाडाखोड केलीस तर शेजारी सही लागेल," सर म्हणाले.

तिनं सही केली.

"आणि पुरावा लागेल."

तिनं तो कागद टेबलावर ठेवला. पिवळा पडलेला, पाठीला फोड आलेलं प्लॅस्टिक, मधोमध इस्त्रीचा डाग. खाली कोपऱ्यात निळ्या शाईचा पसरलेला ढग, जिथं कधीकाळी शिक्का होता. सिद्धोधन दाराबाहेरच थांबला होता. आत यायला त्याचा पाय उचलेना.

सरांनी चष्मा वर केला. "याचा शिक्का वाचता येत नाही."

मंजुषानं डोळे मिटून घेतले. सत्तावीस वर्षांनी तेच वाक्य, त्याच माणसाच्या कानावर.

"शिक्का न्हाई येत," संघप्रिया म्हणाली. तिची नजर सरांवरून हलली नाही. "नाव येतं ना, सर?"

सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, डागाच्या कडेनं बोट फिरवत अक्षरं जुळवली, आणि मैदानावर संघाची हजेरी घेताना वाचतात तसं मोठ्यानं वाचलं.

"सिद्धोधन सिताराम वाव्हळे."

दाराबाहेरच्या हमालानं पाय जुळवले, छाती पुढं काढली आणि म्हणाला, "हजर."